गरोदरपणातले शरीरसंबंध: कधी चालतात, कधी थांबायचं

गरोदरपण नॉर्मल असेल तर शेवटपर्यंत संबंध ठेवायला हरकत नाही. बाळाला धक्का लागेल ही भीती काढून टाका; ते गर्भजलात, गर्भाशयाच्या जाड स्नायूंआड सुरक्षित असतं. संबंधानंतर पोट थोडा वेळ कडक होऊ शकतं, विसावलं की सैल पडतं.

20 आठवड्यांनंतर तिनं उताणं झोपणं टाळावं. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन गरगरतं. दोघं कुशीवर, तो मागे, तिच्या पोटाखाली उशी, हे सर्वांत सोयीचं. तिला नको असेल त्या दिवशी आग्रह अजिबात नको. योनीत फुंकर तर कधीच मारू नका, हवा रक्तात शिरून जिवावर बेतू शकतं.

वार (प्लासेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, गर्भजल गेलं असेल, रक्तस्राव किंवा अकाली कळांचा धोका असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत संबंध बंद. लैंगिक आजाराची शंका असल्यास कंडोम हवाच.