आमची वाटचाल: पन्हळ वर, आम्ही खाली

आमच्या वडिलांचा धंदा कौलं शाकारण्याचा. शिमगा झाला की रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांतून बोलावणी यायची आणि मृग लागेपर्यंत ते घरात दिसायचे नाहीत. पुढे स्लॅबची घरं झाली, स्लॅबवर पत्र्याच्या शेडी चढल्या आणि शेडींना पन्हळी आल्या. बोलावणी थांबली नाहीत, फक्त निरोप बदलला: "पन्हळ तुंबलीय, येऊन जा." 2011 साली मी दोन गडी, एक शिडी आणि दोन घमेली घेऊन धंदा वेगळा केला.

पन्हळीत काय नसतं! आंब्याफणसाची पानं, माडाचा कचरा, चिमण्यांची काडी, तळाला काळा गाळ. हजार चौरस फुटांच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी पन्हळीला वाहून न्यावं लागतं. जुलैत आमच्याकडे असा दिवस नवलाचा नाही. उतरत्या पाइपाचं तोंड पानांनी बुजलं असेल, तर ते पाणी वाट काढतं ती भिंतीतून.

2016 च्या आगोटीत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आमचा एक गडी शिडीवरून जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर उतरला. हा पत्रा दिसायला धडधाकट असतो, पण माणसाचं वजन पेलत नाही. गडी पत्र्यासकट पडवीत आला. मनगट मोडलं, डोकं वाचलं. दवाखान्याचा खर्च मी केला, पण त्याच्या आईने एकच विचारलं, "तू का नाय चढलास वर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग खाली उभं राहूनच पन्हळ साफ व्हावी म्हणून ओला-सुका दोन्ही कचरा ओढणारा व्हॅक्यूम घेतला. तुकडे जोडून लांब होणारा ॲल्युमिनियमचा पाइप केला, टोकाला प्लंबरकडचे दोन एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, लावून आकडा केला. फार खूश होतो. ओळखीच्या वायरमनने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. घराला येणारी विजेची तार बहुतेक वळचणीलाच असते, आणि मी तिथे वीस फुटी धातू नाचवत होतो! कार्बन फायबरचा पाइप हलका, म्हणून त्याची चौकशी केली, तर त्यातूनही वीज वाहते. शेवटी फायबरग्लासचा घेतला. जड आहे, संध्याकाळी खांदे बोलतात. तो असला तरी तारेच्या जवळ आम्ही जात नाही.

दुसरा धडा वेळेचा. मार्च-एप्रिलात पानं सुकी असतात, सरसर येतात. एक पाऊस पडून गेला की त्यांचा लगदा एल्बोतच अडकतो. तरी निम्मे फोन जूनमध्येच येतात.

खरी अडचण गिऱ्हाइकांची झाली. "वर चढलाच नाहीत, मग पैसे कसले?" घाम वर गाळला तरच काम, असा हिशेब. मग पाइपाच्या टोकाला छोटा कॅमेरा बांधला, चित्र मोबाइलवर. आधीची पन्हळ आणि नंतरची पन्हळ खळ्यात उभं राहून दाखवायची. एका आजींना त्यात नातवाचा हरवलेला चेंडू दिसला. पैशांबरोबर कोकम सरबतही मिळालं.

दोन मजल्यांच्या वर ओढ कमी पडते, तिथलं काम आम्ही घेत नाही. पन्हळीत आडवी पडलेली झावळीही पाइपाने निघत नाही. त्यासाठी शिडी अजून टेम्पोत असते. चढतो मी, आणि खाली ती धरून उभा असतो तो मनगट मोडलेला गडी.