जसं सांगेल तसं

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला मेसेज आला. उद्या दहावीचा मराठीचा पेपर, वडाळ्याचं केंद्र, ठरलेला रायटर तापाने फणफणलाय, नववीतलं कुणी मिळेल का? मी चपला अडकवल्या आणि पॅसेजमध्ये जाऊन कुणाकुणाच्या दाराखालून उजेड येतोय ते बघायला लागले.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहतो. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, एका मजल्यावर २० बिऱ्हाडं. नववीतलं मूल कुठल्या खोलीत आहे ते इथे कुणाला विचारावं लागत नाही. वरच्या मजल्यावरचा एक मुलगा माझ्या डोळ्यासमोर होता. पहाटे उठून तो वर्तमानपत्रं टाकतो, म्हणजे सकाळी वेळेवर उठणार याची खात्री. त्याची आई म्हणाली, "अगं, याचंच अक्षर बाईंना लागत नाही, हा दुसऱ्याचा पेपर काय लिहिणार?" मुलगा मात्र आतून शर्ट घालूनच बाहेर आला. रात्री बारापर्यंत आम्ही जिन्यात बसून सराव केला.

रायटर म्हणजे ज्या विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येत नाही त्याच्या शेजारी बसून तो सांगेल ते लिहिणारा. कागदोपत्री शब्द 'लेखनिक' आहे, पण वसतिगृहात, शाळेत, मेसेजमध्ये सगळे रायटरच म्हणतात. रायटर परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून दहावीच्या मुलासाठी नववीतलं मूल शोधायचं. तासाला २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, आणि ते चारही तास लिहिणाऱ्याचे असतात.

मी पहिल्यांदा रायटर झाले ते मार्च २०१९ मध्ये. नववीत होते. बाईंनी वर्गात विचारलं आणि मी लगेच हात वर केला, कारण माझं अक्षर सुंदर होतं आणि ते सगळ्यांनी बघावं असं मला वाटायचं. आमच्या भागात दादासाहेब फाळके रस्त्यावर अंध मुलींची शाळा आहे, दादरची कमला मेहता शाळा. अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी १९०० साली तिची सुरुवात केली. प्रांजल पाटील त्याच शाळेत शिकल्या आणि पुढे देशातल्या पहिल्या दृष्टिहीन महिला आयएएस अधिकारी झाल्या. त्या फाटकावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण एकाही अंध मुलीशी कधी बोलले नव्हते.

जिच्यासाठी लिहायचं होतं ती ताई संगमनेरकडची. दादरला वसतिगृहात राहायची. शाळा उशिरा सुरू झाल्यामुळे माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती. पेपरच्या दोन दिवस आधी आम्ही भेटलो. तिने मला एक पानभर मजकूर सांगितला आणि मी लिहीत असताना कान देऊन बसली. मग म्हणाली, "तुझं पेन मधेच थांबतंय. तू विचार करतेयस. विचार मी करणार आहे."

मग निघाला शुद्धलेखनाचा विषय. मराठीत सांगून लिहिणं ही वेगळीच भानगड आहे, कारण वेलांटी ऐकू येत नाही. मी विचारायचे, "पहिली की दुसरी?" ती म्हणायची, "ऱ्हस्व की दीर्घ असं विचार." ब्रेलमध्ये सहा ठिपके असतात. ऱ्हस्व 'इ' म्हणजे दुसरा आणि चौथा ठिपका, दीर्घ 'ई' म्हणजे तिसरा आणि पाचवा, आणि दोन्ही अक्षराच्या नंतरच येतात. वेलांटी अक्षराच्या आधी लागते की मागून, हा प्रश्नच तिच्या बोटांना कधी पडला नव्हता. मी 'पोटफोड्या ष' म्हटलं तेव्हा ती खूप हसली आणि तो दिसतो कसा ते विचारलं. मी तिच्या तळहातावर बोटाने काढून दाखवला. तिने परत परत काढायला लावला. म्हणजे ती मराठी शुद्ध लिहायची, माझ्याहून शुद्ध, पण उत्तरपत्रिकेत दिसणार होतं माझं शुद्धलेखन. हे कळल्यावर मी त्या रात्री घाबरून घरातली शुद्धलेखनाची पुस्तिका काढून बसले.

इतिहासाचा पेपर. दोन तासांचा, आम्हाला दोन तास चाळीस मिनिटं. एका टिपेत तिने वृत्तपत्रांबद्दल सांगितलं आणि त्यात वाक्य आलं, "४ जानेवारी १८८० रोजी केसरी सुरू झाला." मला माहीत होतं की १८८१. आदल्याच ऑगस्टमध्ये टिळक पुण्यतिथीला मी शाळेत भाषण केलं होतं, साल तोंडपाठ होतं. मी एक अक्षर न बोलता १८८१ लिहिलं. फार बरं वाटलं. मी तिला मदत करत होते ना!

शेवटची पंधरा मिनिटं ती उत्तरं परत वाचून घ्यायची. मी वाचत त्या ओळीवर आले आणि लिहिलं होतं तेच वाचलं.

"किती?"

"१८८१."

"मी काय सांगितलं होतं?"

"१८८०. पण ताई..."

"खोड."

सुपरवायझरांनी मान वर करून बघितलं. मी आडवी रेघ मारली आणि वर १८८० लिहिलं. चुकीचं आहे हे माहीत असताना, माझ्या चांगल्या अक्षरात. ते चार आकडे काढताना मला रडू आलं होतं.

बाहेर आल्यावर जिन्यात मी तिचा हात धरायला गेले. ती म्हणाली, "तू मला धरू नकोस. मी तुझा कोपर धरते." तशाच आम्ही उतरलो. अर्ध्या जिन्यात तिने विचारलं, "१८८१ बरोबर आहे का गं?" मी हो म्हटलं. ४ जानेवारी तिच्या डोक्यात पक्की होती, कारण ती लुई ब्रेल यांचीही जन्मतारीख, वसतिगृहात त्या दिवशी गोड असायचं. साल मात्र न्यू इंग्लिश स्कूलचं घुसलं होतं, ती शाळा १८८० ची. मग ती थांबली आणि जे म्हणाली ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "मला चांगले मार्क मिळाले की लोक म्हणतात, हिला काय, रायटरने लिहून दिलं असेल. तू एक जरी उत्तर सुधारलंस ना, तर ते खरं बोलतात असं होईल. मग माझ्याकडे काय राहिलं?"

मी पंधरा वर्षांची होते. तोपर्यंत मदत म्हणजे आपल्याकडे जास्त आहे त्यातलं काढून देणं, एवढंच मला ठाऊक होतं. चाळीत तसंच चालतं. कुणाकडे पाणी गेलं तर आपली कळशी द्यायची, कुणी आजारी पडलं तर डबा द्यायचा. माझ्याकडे बरोबर साल होतं आणि ते द्यायचं नव्हतं. ते तोंडात धरून बसायचं होतं.

पुढच्या वर्षी माझी स्वतःची दहावी. भूगोलाचा पेपर बाकी असताना सगळं बंद झालं आणि तो पेपर शेवटी झालाच नाही. टाळेबंदीत मी ताईची अकरावी-बारावीची पुस्तकं फोनवर वाचून रेकॉर्ड केली. रात्री एकनंतर वाचायचे, कारण दिवसा पॅसेजमध्ये कुकरच्या शिट्ट्या आणि बालदीचे आवाज. २०२१ ला बारावीची परीक्षाच रद्द झाली. तरी ती रेकॉर्डिंग तिने जपून ठेवली आहेत.

कॉलेजमध्ये गेल्यावर एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घातलं. वर्षाला १२० तास सेवा करायची असते आणि त्या तासांसाठी म्हणून का होईना, पुष्कळ मुलं रायटर व्हायला तयार होतात. काहींना हे आवडत नाही, मला चालतं. तासांसाठी आलेली दोन मुलं अजून आमच्याबरोबर आहेत, तास पूर्ण होऊन वर्ष झालं तरी. त्यांना घेऊनच २०२२ पासून आम्ही चाळीतल्या मुलांचा एक गट बांधला. पंधरा-सोळा जण असू. पुनर्विकासामुळे काही इमारती रिकाम्या झाल्या, काही जण लांब राहायला गेले, पण परीक्षेच्या दिवसांत येतात.

आमचा सराव पॅसेजमध्येच चालतो. मी उत्तर सांगते आणि मुद्दाम मधे चूक पेरते. "शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ साली झाला." जवळजवळ प्रत्येक मुलाचा हात तिथे थांबतो. काही जण माझ्याकडे बघतात, काही गुपचूप १६३० लिहितात, एकाने तर वही मिटून "असं मी नाही लिहिणार" म्हणून सांगितलं. मला त्याचं कौतुक वाटलं. तरी त्याच्याकडून लिहून घेतलं. हात न थांबता चुकीचं साल लिहिणं हे आमच्याकडे सगळ्यांत अवघड मानलं जातं. बाकीच्या गोष्टी सरावाने येतात: आधी पूर्ण प्रश्नपत्रिका गुणांसकट वाचून दाखवायची, वाचताना कुठल्याच पर्यायावर जोर द्यायचा नाही, भूगोलात नकाशाऐवजी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रश्न छापलेला असतो तो आठवणीने शोधायचा, पुरवणी बांधताना क्रम तपासायचा. जोर द्यायचा नाही हे बोलायला सोपं आहे. चार पर्याय वाचताना बरोबर उत्तरापाशी आवाज आपोआप किंचित उतरतो, आणि ज्यांचं सगळं कानांवर चालतं त्यांना तेवढं पुरतं. ताईच म्हणायची, "तुझा आवाज फुटतो."

उलट बाजूची चूकही आमच्याकडून झाली आहे. आमच्यातल्या एकाने हात दुखायला लागल्यावर एका उत्तरातली दोन वाक्यं गाळली आणि परत वाचताना पाठ असल्यासारखी म्हणून दाखवली. त्याने स्वतःच दोन दिवसांनी येऊन सांगितलं. आम्ही त्या विद्यार्थ्याकडे जाऊन माफी मागितली. तो काही बोलला नाही, चहा पाजला आणि पुढच्या पेपरला दुसरा रायटर मागितला. बरोबरच होतं त्याचं. आपण पैसे घेत नाही, म्हणून समोरच्याने आपल्या चुका पोटात घालाव्यात, ही भावना स्वयंसेवकांत फार लवकर शिरते. मला तिची भीती वाटते.

दुसरा प्रसंग पावसातला. पदवीच्या एका परीक्षेला आमच्या गटातली मुलगी रायटर म्हणून निघाली आणि गाड्या बंद पडल्या. केंद्रावर दुसरा रायटर ऐनवेळी घेऊ देईनात, पत्र नाही म्हणून. पेपर सुरू होऊन ४० मिनिटं ती विद्यार्थिनी बाकावर हात ठेवून बसून राहिली. तेव्हापासून प्रत्येक पेपरला एक राखीव रायटर ठेवतो, त्याचं पत्र, बोनाफाईड आणि फोटोही आधीच तयार असतात. वर्षाच्या शेवटी हेच सगळ्यांत जड जातं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा रायटर हवा आणि त्यांच्याही परीक्षा त्याच आठवड्यात. आता निरोपही वाढले आहेत. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाचा हक्क मान्य केला, तेव्हापासून डोळ्यांनी नीट दिसणारी पण लिहू न शकणारी मुलंही हक्काने विचारतात. विचारायलाच हवं.

आमचा लेखी नियम एकच आहे: पेपरनंतर विद्यार्थ्याबरोबरचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही.

तर तो वडाळ्याचा पेपर. ती आयत्या वेळची कागदपत्रं जमवण्यात सकाळ गेली, पण केंद्रावरच्या बाईंनी समजून घेतलं आणि मुलगा आत गेला. मी समोरच्या फुटपाथवर झाडाखाली चार तास बसले. तीननंतर दोघं बाहेर आले. दहावीच्या मुलाने नववीतल्याचा कोपर धरला होता. त्याचे वडील पुढे झाले, तो त्यांच्याबरोबर गेला.

आमचा पोरगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. उजव्या हाताची बोटं शाईने निळी झाली होती. जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, त्याने एक चुकीचं सांगितलं. मला येत होतं."

"मग?"

"लिहिलं. तो म्हणाला तसं."

कुठला प्रश्न ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आम्ही कोपऱ्यावर वडापाव खाल्ला. त्याला डाव्या हाताने खावं लागलं. मग चालत नायगावला आलो. पुढचा पेपर इंग्रजीचा होता आणि त्याला स्पेलिंगची काळजी लागली होती.