क्रिकेटचा हात, सॉफ्टबॉलचा स्विंग: सरावाच्या साधनांचा माझा अनुभव

शालेय सॉफ्टबॉल संघात येणारी बहुतेक मुलंमुली आधी क्रिकेट खेळून आलेली असतात. जळगाव असो, अमरावती असो की पुणे, हातात पहिली येते ती चपटी बॅट. त्यामुळे स्विंग सुधारायचा म्हणजे माझ्याकडे बहुतेक वेळा क्रिकेटचा फटका मोडून सॉफ्टबॉलचा बसवायचा असतो. त्यासाठी वापरलेल्या साधनांपैकी कोणती कामी आली, कोणत्या क्रमाने, आणि कोणती शेडमध्ये धूळ खात पडली, ते लिहितो. साधन घेताना मी एकच गोष्ट बघतो: चूक झाल्या झाल्या ते खेळाडूला सांगतं का? सांगत नसेल तर त्याने फक्त घाम निघतो.

साधनांच्या आधी बॅट. नियमाप्रमाणे सॉफ्टबॉलची बॅट जास्तीत जास्त 34 इंच लांब आणि सव्वादोन इंच जाड असते. शाळा एकच 34 इंची बॅट घेते आणि तेरा वर्षांच्या मुलीपासून बारावीच्या मुलापर्यंत सगळे तीच फिरवतात. कमजोर हाताने बॅट खांद्याच्या उंचीवर आडवी धरायला सांगावी. पंधरावीस सेकंदांत टोक थरथरायला लागलं किंवा खाली आलं, तर ती बॅट त्या खेळाडूला जड आहे. दुसरी बॅट नसेल तर मूठ दोनतीन सेंटिमीटर वर धरायला लावतो. जड बॅटवर कितीही महागडं साधन लावा, खेळाडू ती ओढत राहतो आणि टोक पडतंच. मूठ बोटांत हवी, तळहातात रुतलेली नको. दोन्ही हातांची मधली पेरं साधारण एका ओळीत आली की मनगटं मोकळी राहतात.

पहिलं साधन मोबाइल, आणि तो घरोघरी आहे. नेहमीच्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत काही दिसत नाही. बॅट निघाल्यापासून चेंडूला लागेपर्यंत जेमतेम 0.15 सेकंद जातात, म्हणजे चारपाच फ्रेममध्ये खेळ खलास. तेच 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये पस्तीसेक चित्रं मिळतात. एक व्हिडिओ बॅटरच्या छातीसमोरून घ्यायचा, एक पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, बाजूने जाळीमागून. मोबाइल कमरेच्या उंचीवर टेकवून ठेवावा, हातात धरू नये. दर वेळी जागा बदलली तर आधीच्या व्हिडिओशी तुलनाच होत नाही. मी तीनच गोष्टी बघतो. हात निघायच्या आधी कंबर वळायला लागली का, चेंडू लागताना पुढचा पाय ताठ झाला का, आणि डोकं पुढे किती सरकलं. क्रिकेटवाल्यांचं डोकं हमखास सरकतं, कारण ड्राइव्ह मारताना पुढच्या पायावर वजन टाकायची सवय असते. सॉफ्टबॉलमध्ये पुढच्या पायाने अडवायचं असतं आणि त्या अडण्याभोवती शरीर फिरवायचं असतं.

दुसरं साधन टी, म्हणजे स्थिर चेंडू मारण्यासाठी तो वर ठेवायचा उभा दांडा. खरं काम इथे होतं म्हणून यावर जरा जास्त लिहितो. विकतची चांगली टी मिळते, पण प्लंबरच्या दुकानातल्या सामानात तितकीच टिकाऊ टी तयार होते. 18 मिलिमीटर प्लायचा 45 सेंटिमीटर चौरस तुकडा, त्यावर फ्लँजने बसवलेला सव्वा इंची शेड्यूल 40 पीव्हीसी पाइप, उंची 35 सेंटिमीटर. त्याच्या आत एक इंची पाइप थोडा खेळ ठेवून सरकतो. आतले पाइप दोन कापून घ्यायचे: एक 35 सेंटिमीटरचा, गुडघ्याजवळच्या चेंडूंसाठी, आणि दुसरा 65 सेंटिमीटरचा, वरच्यांसाठी. आतल्या पाइपला दर पाच सेंटिमीटरवर भोक पाडून 6 मिलिमीटरची पिन घातली की उंची पक्की होते. सगळ्यात वर गाडीच्या रेडिएटरचा 32 मिलिमीटर आतल्या व्यासाचा रबरी होज, पंधरा सेंटिमीटर लांब. चारपाच सेंटिमीटर पाइपवर चढवून क्लिपने आवळायचा, बाकीचा मोकळा. पाइप गरम पाण्यात धरून होज चढवायला जाऊ नका, पीव्हीसी वाकतो. होजलाच आतून साबणाचं पाणी लावलं की तो बसतो. प्लायवर दोनतीन किलोची वाळूची पिशवी टाकली की टी आडवी होत नाही. क्लिपचा स्क्रू जाळीच्या बाजूला ठेवावा, नाहीतर खालून गेलेली बॅट त्यावर आदळून ओरखडे पडतात.

होज मऊच हवा, याला कारण आहे. चेंडू नीट मधोमध लागला तर होज हलतही नाही, फक्त टणक आवाज येतो. बॅट खालून गेली तर आधी होजला लागते, ‘थप्’ असा बसका आवाज येतो आणि बॅटवर काळा रबरी पट्टा उमटतो. खेळाडूला वेगळं काही सांगावं लागत नाही. पट्टा टोकापासून किती अंतरावर आहे तेही बघावं. बॅटचा खरा जोर टोकापासून साधारण 13 ते 18 सेंटिमीटरच्या पट्ट्यात असतो. चेंडूवर मैदान आखायची फक्की चोळली तर चांगल्या फटक्याचीही खूण बॅटवर मिळते.

टी कुठे ठेवायची यात सगळ्यात जास्त घोळ होतो. बरेच जण ती होम प्लेटच्या (बॅटरपुढच्या, जिच्यावरून चेंडू यायचा त्या पाटीच्या) मधोमध ठेवतात आणि बॅटर तिच्या बरोबर समोर उभा राहतो. त्याने चेंडू पोटासमोर लागायची सवय लागते, आणि सामन्यात प्रत्येक फटका उशिरा होतो. मी फक्कीने 17 इंच रुंदीची प्लेट आखतो, बॅटरला नेहमीच्या जागी उभं करतो, पाऊल टाकायला लावतो आणि मगच टी ठेवतो. मधल्या चेंडूसाठी टी पुढच्या पावलाच्या रेषेत. आतल्या, म्हणजे अंगाजवळून येणाऱ्या, चेंडूसाठी त्याच्या 20 ते 25 सेंटिमीटर पुढे, बाहेरच्या, म्हणजे अंगापासून लांबच्या, चेंडूसाठी 15 ते 20 सेंटिमीटर मागे. बाहेरचा चेंडू जरा आत येऊ द्यायचा आणि समोर न मारता विरुद्ध बाजूला, म्हणजे उजव्या हाताच्या बॅटरने उजवीकडच्या मैदानात, मारायचा, हे क्रिकेटवाल्यांना लवकर पटतं, कारण लेट कट त्यांना ठाऊक असतो.

जाळी टीपासून दीड ते दोन मीटरवर. क्रिकेटची नायलॉन जाळी चालते. सॉफ्टबॉलचा परीघ 12 इंच, म्हणजे व्यास पावणेदहा सेंटिमीटरच्या आसपास, तो पाच सेंटिमीटरच्या छिद्रातून जात नाही. जाळी ताणून बांधू नका, चेंडू थेट अंगावर परततो. खाली हातभर झोळ सोडावा. टीवरच्या चेंडूपेक्षा 30 ते 45 सेंटिमीटर वर जाळीला लाल रिबन आडवी बांधतो. दहा-पंधरा अंशांनी निघालेला चेंडू तिथेच लागतो. रिबनच्या खूप खाली लागला तर जमिनीवरून घरंगळणारा ग्राउंडर, खूप वर लागला तर सोपा कॅच. एका वेळी आठदहा फटके, प्रत्येकानंतर दहाबारा सेकंद थांबून पुन्हा पवित्रा घ्यायचा, असे चारपाच संच पुरे. थांबायला नको असतं मुलांना. एकामागोमाग झोडपलं की शेवटचे फटके फक्त हातांचे होतात.

टीची उंची बदलती ठेवणं अत्यंत गरजेचं. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या कमरेच्या आसपासहून सुटतो, त्यामुळे बेसबॉलच्या पिचपेक्षा तो सपाट येतो आणि रायझबॉल तर खाली यायचं नावच घेत नाही. फक्त गुडघ्याच्या उंचीवर टी ठेवून सराव केला की बॅट खालून वर उचलायची सवय लागते आणि छातीजवळचा प्रत्येक चेंडू खालून सुटतो. बेसबॉलवाल्यांचे अपर कटचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांना हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

तिसरं साधन जत्रेत मिळणारा वीसेक सेंटिमीटरचा हवेचा चेंडू, निम्मी हवा काढलेला. बाजारात हाच ‘कनेक्शन बॉल’ म्हणून मिळतो. मागच्या हाताचा दंड आणि त्याच हाताचा कोपरापुढचा भाग यांच्या बेचक्यात तो धरून टीवर फटका मारायचा. चेंडू लागण्याच्या सुमारास तो सुटून पुढे, पिचरच्या दिशेने पडला तर हात शरीराला जोडून आले. सुरुवातीलाच मागे किंवा पायाशी पडला तर कोपर आधीच उघडलं आणि बॅट लांबून वळसा घालून आली. गल्लीतल्या टेनिस बॉलवर स्क्वेअर लेगला ओढायची सवय असलेल्या मुलांचं हे पहिल्या फटक्यालाच उघडं पडतं. ‘सर, चेंडू राहतच नाही’ अशी तक्रार आली की समजावं, साधन काम करतंय. पूर्ण हवा भरली तर मात्र तो हातच आखडवतो.

पोटापासून बॅटच्या लांबीइतकं अंतर ठेवून जाळीसमोर उभं राहायचं आणि जाळीला न लागता स्विंग करायचा, हा सराव सगळीकडे चालतो. पाचदहा वेळा ठीक. जास्त केला तर मुलं हात पोटाशी ओढून घ्यायला शिकतात आणि बाहेरचा चेंडू हातून जातो.

एका हाताचा सराव मी आखूड बॅटने घेतो. जुन्या बॅटचा 45 ते 50 सेंटिमीटरचा तुकडा, टोकाला लाकडी बुच. इथे क्रिकेटवाल्यांचा फायदाच असतो: उजवा हात दोन्ही खेळांत चेंडू मारणाऱ्या टोकाजवळ असतो, फक्त बॅट उलटी झाल्याने खालचा हात वरचा होतो. चेंडूला लागताना त्याचा तळवा आभाळाकडे हवा. ऑन ड्राइव्हच्या सवयीने मनगट आधीच वळलं तर चेंडू थेट थर्ड बेसवरच्या (बॅटरच्या डावीकडच्या) खेळाडूच्या पायाशी ग्राउंडर जातो. वळायचं असतं, पण लागल्यानंतर.

आता वजनाचं. बॅटवर चढवायची जड रिंग, डोनट, न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकी बेसबॉल संघाचा कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) एल्स्टन हॉवर्ड याच्यामुळे 1960च्या दशकात लोकप्रिय झाली. ती काढली की बॅट हलकी लागते, म्हणून सगळ्यांना आवडते. हलकी लागणं वेगळं आणि वेगाने फिरणं वेगळं. 680 ग्रॅमच्या बॅटवर साडेचारशे ग्रॅमची रिंग म्हणजे वजन दीडपटीहून अधिक, तेही सगळं टोकाकडे. शरीर त्या संथ बॅटची लय धरतं, आणि लगेच खऱ्या बॅटने मारलेले पहिले काही फटके उशिरा होतात. मी नेहमीच्या वजनाच्या दहा टक्के इकडेतिकडे राहतो: 750 ग्रॅमची एक बॅट, 610ची एक. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जड करता येते, पण तिने हवेतच फिरवायचं. जड, हलकी, मग स्वतःची, याच क्रमाने. वेग ताकदीने नाही, क्रमाने येतो; ओला टॉवेल पिळताना आधी एक टोक वळतं आणि मग दुसरं, तशी आधी कंबर आणि मागाहून खांदे.

टांगलेला चेंडू आणि टायर, दोन्ही मी जवळपास बंद केलंय. दोरीला बांधलेला चेंडू आडव्या फटक्याने गरगर फिरतो, आणि खेळाडू पिचच्या नाही तर दोरीच्या झोक्याच्या तालावर मारायला लागतो. क्रिकेटच्या सरळ बॅटला तो ठीक. टायरवर ॲल्युमिनियमची बॅट चेपते, कंपोझिटला तडे जातात, आणि मुलं चेंडूतून पुढे न जाता धडकून थांबायला शिकतात.

टीवरचा स्विंग बसला की चेंडू हलता हवा. बाजूला बसून टाकलेला सॉफ्ट टॉस सोयीचा आहे, पण सामन्यात तसा बाजूने चेंडू कधीच येत नाही. त्यापेक्षा एल आकाराच्या जाळीआडून समोरून, खालच्या हाताने टाका. गणित सोपं आहे. महिलांच्या सामन्यात पिचिंगचं अंतर 43 फूट, म्हणजे 13.11 मीटर. पिचर पुढे झेपावून सोडते, त्यामुळे चेंडूला सव्वाअकरा मीटरच्या आसपास अंतर उरतं. ताशी 95 किलोमीटर वेगाला ते साधारण 0.43 सेकंदांचं. तेवढाच वेळ हवा असेल तर सहा मीटरवरून ताशी 50 किलोमीटरने टाकावं लागतं, आणि ते कोणत्याही सरावलेल्या हाताला जमतं. मी भोकं असलेले प्लास्टिकचे चेंडू वापरतो. लागले तरी इजा होत नाही, तरी हेल्मेट घालायचंच. क्रिकेटवाल्यांची मोठी अडचण इथे दिसते: नजर टप्पा शोधत असते. टप्पा पडतच नाही, तोवर चेंडू कॅचरच्या ग्लोव्हजमध्ये. म्हणून सुरुवातीचे पंधराएक चेंडू मारायचेच नाहीत, बॅट खांद्यावर ठेवून फक्त ‘आत’ की ‘बाहेर’ ते ओरडून सांगायचं, आणि तेही चेंडू प्लेटवर यायच्या आत.

मुठीच्या बुडाला लावायचे सेन्सर आता मिळतात. बॅटचा वेग, बॅट चेंडूकडे कोणत्या कोनातून आली, लागायला किती वेळ गेला, हे मोबाइलवर दाखवतात. एकाच खेळाडूचे आजचे आणि महिन्यापूर्वीचे आकडे ताडायला ठीक. दोन मुलींचे आकडे शेजारी मांडले की सगळ्या वेगाच्या मागे लागतात, आणि जाळीवरच्या रिबनकडे कुणी बघत नाही.

टीचा होज वापराने वरून झिजतो आणि चेंडू डुगडुगतो. नवा घ्यायची गरज नाही, वरचा एक सेंटिमीटर कापून टाकावा. कापताना पात्याला पाणी लावून सरळ कापा. कड तिरकी राहिली तर चेंडू एका बाजूला कलतो आणि बॅटर नकळत त्याच बाजूला मारायला लागतो.