बातमी कारखान्यातून आली की फर्मवेअरमधून?

सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलच्या मॅकओएस मॉन्टेरेच्या एका बीटामध्ये, म्हणजे चाचणी आवृत्तीत, दोन नवी रिझोल्यूशन्स सापडली: ३४५६ × २२३४ आणि ३०२४ × १९६४. तेव्हाच्या कुठल्याच मॅकबुकला असा पडदा नव्हता. नवे मॅकबुक प्रो येतायत आणि पडदे जास्त बारीक पिक्सेलचे आहेत, एवढं सांगून बहुतेक बातम्या थांबल्या. कॅल्क्युलेटर जवळ घेतला असता तर याच चार आकड्यांतून अजून बरंच निघालं असतं.

मॅकबुकचे पडदे कित्येक वर्षं १६:१० प्रमाणात होते. त्या हिशेबाने ३४५६ रुंदीला २१६० उंची हवी आणि ३०२४ला १८९०. दोन्हीकडे प्रत्यक्ष आकडा बरोब्बर ७४ने जास्त. वेगवेगळ्या आकारांच्या दोन पडद्यांना सारख्याच ७४ ओळी वाढवल्यात, म्हणजे कडेला ठरावीक उंचीची एक पट्टी आहे. १८ ऑक्टोबर २०२१ला लॅपटॉप आले तेव्हा त्या पट्टीत मेन्यू बार होता आणि मधोमध कॅमेऱ्याची खाच. कर्णाचंही तसंच. पायथागोरस लावला की ४११५ आणि ३६०६ पिक्सेल येतात. १६ आणि १४ इंचांच्या आसपासचे पडदे येणार ही कुणकुण आधीपासून होती. त्यावरून इंचाला २५४ पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला नेमके १०, हा आकडा जुळतो आणि पडदे १६.२ व १४.२ इंचांचे ठरतात.

फर्मवेअरमधून, म्हणजे उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून, फुटलेली माहिती ही अशी असते. ती कमी बोलते, पण बोलते ते खरं असतं, कारण ते कुणी पत्रकाराला सांगायला लिहिलेलं नसतं. याउलट ती तारीख सांगत नाही, किंमत सांगत नाही आणि वस्तूचं बाजारातलं नावही बहुधा सांगत नाही. म्हणून ॲपलच्या येऊ घातलेल्या कुठल्याही वस्तूची बातमी वाचताना पहिला प्रश्न ‘खरी का खोटी’ असा विचारू नये. ही माहिती वस्तू बनण्याच्या कोणत्या टप्प्यावरून निसटली, हे आधी पाहावं. मग तिचे तुकडे करावेत: आकार, चिप, पडदा, तारीख, किंमत, नाव. एकाच बातमीतले दोन तुकडे पक्के आणि उरलेले हवेतले, असं नेहमी होतं.

टप्पे तीन, आणि धंद्यात त्यांना ईव्हीटी, डीव्हीटी, पीव्हीटी म्हणतात. ईव्हीटीमध्ये ठरलेल्या आकारात सगळं इलेक्ट्रॉनिक्स बसून चालतंय का ते बघतात. डीव्हीटीमध्ये धातू, रंग, पाण्यापासून बचाव, पडण्याची चाचणी, अँटेना आणि सरकारी प्रमाणपत्रं. पीव्हीटीमध्ये खऱ्या उत्पादन लाइनवर पुरेशा वेगाने आणि कमी खराबीत माल निघतो का याची परीक्षा. ईव्हीटीपर्यंत पोचलेलं वैशिष्ट्य पुढे गळू शकतं, पीव्हीटीतलं सहसा गळत नाही. बातमीत टप्प्याचा उल्लेख नसेल तर तारखेवरून अंदाज बांधावा. सप्टेंबरच्या फोनबद्दल आदल्या ऑक्टोबरात आलेली बातमी फार तर ईव्हीटीच्या वेळची किंवा त्याही आधीची.

याचं चांगलं उदाहरण आयफोन १५ प्रोची बटणं. ऑक्टोबर २०२२मध्ये ॲपलच्या पुरवठादारांवर नजर ठेवणारे विश्लेषक मिंग-ची कुओ यांनी सांगितलं की आवाजाची आणि पॉवरची बटणं हलणारी नसतील. दाब ओळखून आतली मोटर दाबल्याचा भास देईल. एप्रिल २०२३मध्ये त्यांनीच सांगितलं की तांत्रिक अडचणींमुळे बेत रद्द झाला. पहिली बातमी खोटी होती का? तसं वाटत नाही. सिरस लॉजिक ही ॲपलला ऑडिओ आणि हॅप्टिकच्या (दाबल्याचा भास देणाऱ्या यंत्रणेच्या) चिप पुरवणारी कंपनी. तिने मे २०२३च्या भागधारकांच्या पत्रात लिहिलं की ज्या नव्या भागाची तयारी चालू होती तो ठरल्याप्रमाणे बाजारात येणार नाही. पत्रात ॲपलचं नाव नाही, पण पुरवठादारांची ही तिमाही पत्रं कुठल्याही ‘खात्रीलायक सूत्रां’पेक्षा मोलाची असतात. भागधारकांशी खोटं बोलणं कायद्याने महागात पडतं, ट्विटरवर बोलणं पडत नाही.

कव्हर बनवणाऱ्यांकडून येणारी सीएडी चित्रं, म्हणजे संगणकावर मापांसकट काढलेले आराखडे, हा दुसरा मोठा स्रोत. कव्हरला साचा लागतो, साच्याला मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मापं लागतात, आणि फोन दुकानात येईल त्या दिवशी कव्हर तयार हवं असतं. त्यामुळे लांबी-रुंदी, कॅमेऱ्याच्या उंचवट्याची जाडी, बटणांच्या जागा हे सगळं इथून बऱ्यापैकी नेमकं मिळतं. पण कव्हरवाल्याला आतलं काही माहीत नसतं. बटण हलतं का नाही, फ्रेम टायटॅनियमची की ॲल्युमिनियमची, यावर त्याचं मत तुमच्याआमच्याइतकंच. आणि मापंच चुकीची मिळाली तर सगळंच चुकतं. २०११मध्ये एका बाजूला निमुळत्या होत जाणाऱ्या आयफोन ५ची कव्हरं बनून तयार होती. ४ ऑक्टोबरला आला तो आयफोन ४एस, आयफोन ४च्याच अंगकाठीचा. २०२१च्या ॲपल वॉच सीरिज ७चं तर अर्ध-अर्ध झालं. ४१ आणि ४५ मिलिमीटर ही मापं अचूक निघाली, सपाट कडांचं सगळीकडे झळकलेलं चित्र साफ चुकलं.

सरकारी नोंदींकडे वळू. जानेवारी २००७मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन विक्रीच्या जवळजवळ सहा महिने आधी दाखवला आणि कारणही मंचावरच सांगितलं: अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाची मंजुरी घ्यायची तर बातमी तिथून फुटणारच, त्यापेक्षा आम्हीच सांगतो. आता फोटो आणि पुस्तिका १८० दिवसांपर्यंत झाकून ठेवायची सोय असल्याने एफसीसीतून आधी फारसं काही मिळत नाही. युरेशियन आर्थिक आयोगाची (रशिया, कझाकस्तान वगैरे देशांच्या गटाची) नोंद मात्र अनेक वर्षं कामाची ठरली आहे. एन्क्रिप्शन असलेलं उपकरण तिथे नोंदवावं लागतं, आणि ॲपलची उपकरणं ‘ए’ने सुरू होणाऱ्या मॉडेल क्रमांकाने तिथे दिसतात. नोंद दिसल्यापासून साधारण एक ते तीन महिन्यांत वस्तू येते. इथे एक खड्डा आहे. एकाच आयफोनला प्रदेशानुसार चार-पाच ए-क्रमांक असतात. ‘वीस नवी मॉडेल्स नोंदवली’ असा मथळा दिसला की आधी भागाकार करा, बहुधा चारच फोन निघतात.

फर्मवेअर वाचायचं असेल तर सांकेतिक क्रमांकांची सवय हवी. मॅक आणि आयपॅडचे क्रमांक ‘जे’ने सुरू होतात (२०२१चे मॅकबुक प्रो जे३१४ आणि जे३१६ होते), आयफोन एक्स डी२२ होता. जुलै २०१७मध्ये होमपॉडचं फर्मवेअर चुकून सार्वजनिक झालं आणि त्यातच त्या आयफोनची बाह्यरेषा आणि चेहरा ओळखण्याची यंत्रणा सापडली, अनावरणाच्या सुमारे दीड महिना आधी. चिपच्या क्रमांकांतही पद्धत आहे: ए१४पासून फोनच्या आणि मॅकच्या साध्या एम मालिकेच्या चिप टी८१ने सुरू होतात (ए१४ टी८१०१, एम१ टी८१०३), प्रो आणि मॅक्स टी६०ने. नुसता असा क्रमांक फुटला तरी चिप कोणत्या घराण्यातली ते कळतं.

पेटंटांवरून काही भाकीत करू नये. अमेरिकेत अर्ज सहसा १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि त्यातल्या बहुतेक कल्पना कधीच वस्तूत उतरत नाहीत. पुढे.

स्रोत कितीही चांगला असो, बातमीने भौतिकशास्त्राची परीक्षा द्यायलाच हवी. जी५ चिपचा लॅपटॉप, पॉवरबुक जी५, येणार येणार म्हणून अफवांच्या जगात वर्षानुवर्षं चालू होतं, इतकं की त्याचा विनोद झाला. जी५ची उष्णता लॅपटॉपच्या पेटीत मावत नव्हती. जून २००५मध्ये ॲपलने इंटेलकडे जायचं जाहीर केलं तेव्हा हा लॅपटॉप देता आला नाही हे जॉब्स यांनी स्वतः सांगितलं. एअरपॉवर ही बिनतारी चार्जिंगची चटई तर कंपनीने सप्टेंबर २०१७मध्ये जाहीरच केलं होतं. एकमेकांवर चढवलेल्या चार्जिंग कॉइलमध्ये उष्णता आवरणं किती अवघड हे जाणकार तेव्हापासून सांगत होते. मार्च २०१९मध्ये ते रद्द झालं. बॅटरीची चाचणी त्याहून सोपी. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, आणि १६ इंची मॅकबुक प्रोची बॅटरी ९९.६ आहे. त्यामुळे ‘पुढच्या मॅकबुकला मोठी बॅटरी’ ही बातमी १६ इंचीबद्दल असेल तर वाचायचीच गरज नाही.

चिपचे आकडे तपासायला एक गुणाकार पुरतो. मेमरी बसची, म्हणजे चिप आणि मेमरीमधल्या रस्त्याची, रुंदी बिटमध्ये घ्या, ८ने भागा, मेमरीच्या वेगाने (सेकंदाला किती दशलक्ष खेपा) गुणा. एम१ची बस १२८ बिटची, म्हणजे १६ बाइट. गुणिले ४२६६ म्हणजे सेकंदाला सुमारे ६८ जीबी. एम२ला वेग ६४००, म्हणून १०२. एम४ला ७५००, म्हणून १२०. एम५ला ९६००, म्हणून १५३. ‘नव्या साध्या चिपला २०० जीबी बँडविड्थ’ असं कुणी म्हणालं तर एकतर बस रुंद झाली पाहिजे किंवा मेमरीचा वेग १२५००वर गेला पाहिजे, आणि या दोन्हींची कुणकुण वेगळी लागायला हवी. आणि आकडा दरवेळी वाढतोच असंही धरू नये. एम२ प्रोला २५६ बिटची बस आणि २०० जीबी होते. एम३ प्रोला १९२ बिट आणि १५०. मेमरीही म्हणूनच १६-३२ जीबी न राहता १८-३६ अशी विचित्र झाली.

आता चर्चेतल्या दोन गोष्टी. पहिली, ओएलईडी पडद्याचा, स्पर्शाला प्रतिसाद देणारा मॅकबुक प्रो. २०२६ची अखेर किंवा २०२७ असं बोललं जातं. पडद्याचा तुकडा मला पक्का वाटतो, कारण त्याच्यामागे कारखाना उभा आहे. सॅमसंग डिस्प्लेने एप्रिल २०२३मध्ये ८.६ पिढीच्या ओएलईडी लाइनसाठी ४.१ लाख कोटी वॉनची गुंतवणूक जाहीर केली होती, लॅपटॉप-टॅबलेटच्या पडद्यांसाठी आणि २०२६मध्ये उत्पादन डोळ्यांपुढे ठेवून. लॅपटॉपवर मेन्यू बार तासन् तास एकाच जागी असतो, त्यामुळे ओएलईडीवर डाग पडायची भीती असते. त्यावरचा उतारा मे २०२४च्या आयपॅड प्रोमध्ये आलाय: प्रकाशाचे दोन थर एकावर एक, म्हणजे तेवढाच उजेड निम्म्या करंटमध्ये.

स्पर्शाचं मात्र वेगळं. सेन्सर ओएलईडी पॅनेलमध्येच बसवता येतो, तेव्हा अडचण हार्डवेअरची कमी आणि मॅकओएसची जास्त. ॲपल आयफोनवर बोटासाठी किमान ४४ पॉइंट जागा सांगते, म्हणजे सुमारे सव्वासात मिलिमीटर. मॅकबुक प्रोचा खाचेशेजारचा मेन्यू बार ७४ पिक्सेल, म्हणजे ७.४ मिलिमीटर, तो कसाबसा चालेल. पण उघडलेल्या मेन्यूतली एकेक ओळ साडेचार मिलिमीटरच्या आसपास आणि खिडकीची तीन रंगीत बटणं अडीचच्या. म्हणून स्पर्शाची बातमी खरी का, हे कारखान्यात नव्हे तर बीटामध्ये शोधावं. ओळींमधलं अंतर आणि बटणांचं माप कुठल्या आवृत्तीत वाढतं ते मोजत राहा.

दुसरी, घडीचा आयफोन. उघडल्यावर साडेचार मिलिमीटर जाडी असेल म्हणतात. अशक्य नाही: गॅलॅक्सी झेड फोल्ड ७ उघडल्यावर ४.२ आहे आणि यूएसबी-सीचा प्लग २.४ जाडीचा. फेस आयडीऐवजी कडेच्या बटणात टच आयडी, हा तुकडाही त्या जाडीशी जुळतो; ५.६ मिलिमीटरच्या आयफोन एअरमध्येसुद्धा बरीचशी यंत्रणा वरच्या उंचवट्यात कोंबावी लागली. ‘घडीची रेघ अजिबात दिसत नाही’ या दाव्यावर मात्र विश्वास ठेवू नये. ती नव्या नमुन्यावर दिसत नसेलही, पण बिजागरी हजारो वेळा उघडझाप केल्यावर काय होतं ते डीव्हीटीच्या चाचण्यांत कळतं, आणि तिथली माणसं सहसा बोलत नाहीत.

किंमत हा शेवटचा आणि सगळ्यात कच्चा तुकडा. ती कारखान्याला माहीत नसते, फर्मवेअरमध्ये नसते, कव्हरवाल्याला तर नसतेच, आणि कंपनीतही मोजक्या लोकांकडे असते. जानेवारी २०१०मध्ये आयपॅड १००० डॉलरच्या आसपास असेल असं जवळपास सगळे धरून चालले होते. २७ जानेवारीला पडद्यावर आकडा आला ४९९.