जुना स्टिरिओ रिसीव्हर: आधी मोजा, कपॅसिटरचं नंतर बघू

सत्तरच्या दशकातला रिसीव्हर (रेडिओ ट्यूनर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत) उघडला रे उघडला की एकच सल्ला मिळतो, सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (चार्ज साठवणारे, वयाने सुकणारे डबे) काढ आणि नवे लाव. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. शंभरेक कपॅसिटर एका दमात बदलले आणि नंतर सेट चालला नाही, तर बिघाड मुळात होता का आपण घातला हे कळायला मार्गच उरत नाही. शिवाय पन्नास वर्षं जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने पटकन उचलली जाते, त्यामुळे प्रत्येक विनाकारण काढलेला पार्ट म्हणजे बोर्डाचं थोडं आयुष्य कमी झालं असंच मी धरतो.

ही यंत्रं एवढी जपण्यासारखी का, तेही सांगतो. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅम्प्लिफायरची वॅटची जाहिरात कशी करायची याचा नियम केला, त्यात मोजणी करण्याआधी सेट एक तृतीयांश पॉवरवर तासभर चालवायची अट होती आणि क्लास एबी प्रकारचा (या रिसीव्हरमध्ये बहुधा तोच असतो) अ‍ॅम्प्लिफायर जवळपास त्याच पातळीला सगळ्यात जास्त तापतो. कागदावर मोठा आकडा छापायचा तर आत खरोखरच दणकट हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे भाग) आणि ट्रान्सफॉर्मर घालणं भाग पडलं. मग वॅटची चढाओढ लागली, १९७८ च्या पायोनियर एसएक्स-१९८० वर तर एका चॅनेलला २७० वॅट लिहिलेले आहेत. तो लोखंडाचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा ऐवज आजही तसाच शाबूत असतो, थकतात ते आजूबाजूचे छोटे पार्ट.

तर सुरुवात. प्लग काढलेला असला तरी मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो, म्हणून आधी मीटर लावून व्होल्टेज बघायचं आणि असेल तर रेझिस्टरमधून हळूहळू उतरवायचं, स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची नाही. मग धूळ, मग प्रत्येक बाजूने भरपूर फोटो. आणि पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वायरला सिरीजमध्ये बल्ब, तोही फिलामेंटचाच, कारण फिलामेंट तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट आपोआप आवरला जातो, एलईडी बल्ब इथे काही कामाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

थोड्या सेकंदांनी प्रोटेक्शन रिलेचा (सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणाऱ्या स्विचचा) टिक् असा आवाज यायला हवा. नाही आला तर रिले बायपास करून बघू नका प्लीज, तो बिचारा आपलं काम करत असतो, बहुतेक आउटपुटला डीसी (स्पीकर जाळू शकणारं स्थिर व्होल्टेज) दिसतोय म्हणून तो स्पीकर जोडत नाहीये. रिलेच्या अलीकडे, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला मीटर लावा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत, काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा त्यांना चालवणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासायचे आणि तोवर चांगले स्पीकर जवळ सुद्धा आणायचे नाहीत.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, कानाने रोग ओळखणं. नॉब फिरवला की खरखर होते, एक चॅनेल जातो-येतो, तर तो व्हॉल्यूम कंट्रोल नाहीतर सिलेक्टर स्विच. कॉन्टॅक्ट क्लिनर थेट आतल्या कार्बन ट्रॅकपर्यंत जाईल असा मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत बराच वेळ फिरवत राहायचं. टेप मॉनिटरचं (टेप रेकॉर्डरचा आवाज ऐकायचं) बटण तर कोणी वर्षानुवर्षं दाबलेलंच नसतं आणि सगळा सिग्नल जातो त्याच्यातूनच! "एक चॅनेल मेलाय" म्हणून आलेल्या माझ्याकडच्या सेटमध्ये हेच बटण निघालं. कशालाही हात न लावता चुरचुर फटफट चालू असेल तर बहुतेक एखादा छोटा ट्रान्झिस्टर, टूएससी४५८ सारखे त्या काळातले काही नंबर यासाठी कुप्रसिद्धच आहेत, पाय काळे पडलेले दिसतात. बदलताना पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघाच, जपानी ट्रान्झिस्टरमध्ये बऱ्याचदा कलेक्टर मधे असतो आणि बीसी५४७ किंवा टूएन३९०४ मध्ये बेस मधे. आणि गुणगुण येत असेल तर तिचा सूर ऐका, ५० हर्ट्झच्या मेन्सवर १०० हर्ट्झची गुणगुण म्हणजे रेक्टिफायरनंतरचं फिल्टरिंग कमजोर झालंय, खर्जातली ५० ची असेल तर ग्राउंड नाहीतर शील्ड बघा.

ड्राय सोल्डर हा आणखी एक लपलेला चोर. तापणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या किंवा जाड रेझिस्टरच्या पायाभोवती भिंगातून बघितलं की सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसते, तापून-गार होऊन पडलेली. जुनं सोल्डर काढून नवं भरलं की काम झालं, एकही पार्ट न बदलता.

एवढं सगळं झाल्यावर कपॅसिटरकडे वळायचं. दर दहा अंश कमी तापमानाला इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणजे हीटसिंकला आणि पॉवर सप्लायच्या गरम रेझिस्टरला खेटून बसलेले आधी जाणार हे उघड आहे. तिथले मी न मोजता सुद्धा बदलतो, १०५ अंशांचे घालतो, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. गार कोपऱ्यातल्यांचा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स, तो कमी हवा) चांगला आला तर राहू देतो. मोठ्या फिल्टरच्या जागी दुप्पट-तिप्पट मायक्रोफॅरड कोंबू नका, चालू करताना रेक्टिफायरवर धक्का बसतो.

मग बायस, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट. तो ठरवणारा छोटा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) आधी बंद सेटवर फिरवून मोकळा करायचा (मूळ जागा खूण करून ठेवा), किंवा सरळ नवा मल्टिटर्न (अनेक फेऱ्यांचा) बसवायचा. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजायचे, ०.४७ ओहमवर १२ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २५ मिलिअँपिअर. किती हवा ते सर्व्हिस मॅन्युअल सांगेल. सेट दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग सेट करा, मग झाकण ठेवून थोड्या वेळाने परत बघा कारण आकडा सरकतो.

ट्यूनरच्या बाबतीत मात्र हात आवरा. ट्यूनरच्या आतल्या १०.७ मेगाहर्ट्झच्या सिग्नलला जुळवलेल्या छोट्या डब्यांमधले फेराइटचे गाभे ठिसूळ असतात, एकदा तुटले की संपलं, आणि सिग्नल जनरेटर नसताना ते फिरवून फायदा शून्य. स्टेशन जोरात येतंय पण स्टिरिओचा दिवा लागत नाही अशी तक्रार असेल तर आणि डिकोडर (डावा-उजवा आवाज वेगळा करणारा भाग) पीएलएल आयसीवाला, म्हणजे स्टेशनच्या सिग्नलला स्वतःला जुळवून घेणाऱ्या चिपचा असेल तर एक गोष्ट घरी करता येते. स्टेशन १९ किलोहर्ट्झचा पायलट (स्टिरिओची खूण असलेला सिग्नल) पाठवतं आणि आयसीतला ऑसिलेटर त्याच्या चौपट, म्हणजे ७६ किलोहर्ट्झवर चालायला हवा. तो वयाप्रमाणे सरकतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टेस्ट पॉइंटला फ्रिक्वेन्सी काउंटर लावायचा, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा आणि प्रीसेट अगदी हळू फिरवत ७६ वर आणायचा. मग परत स्टेशन लावा, दिवा लागेल आणि आवाज दोन्हीकडे पसरेल.