दस्तीखालचा हात

माळेगावच्या यात्रेत जनावरांचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वरून दस्ती टाकतात (आमच्या नांदेडकडे रुमालाला दस्ती म्हणतात) आणि आत बोटं दाबून आकडा ठरतो. भोवती वीस माणसं उभी असतात, त्यांना काही कळू नये म्हणून तर दस्ती. चेहऱ्यावरही काही उमटू द्यायचं नसतं.

हे मी लहानपणापासून पाहत आले. तरी तीन वर्षांपूर्वी त्याच बाजारात एका म्हाताऱ्या मामांचा फोटो काढला आणि त्याला नाव दिलं 'दुष्काळ'.

मार्गशीर्षातली सकाळ होती. धुळीतून तिरपं ऊन येत होतं. मी ८५ एमएमची लेन्स लावून चारेक मीटरवर उभी होते. मामांच्या शेजारी लाल कंधारी बैल होता, गडद तांबडा, कातडीवर ऊन चमकत होतं. मामांना माझा पत्ता नव्हता. मी सलग चौदा फ्रेम घेतल्या. आठवीपर्यंत चेहरा दगडासारखा. नवव्या फ्रेममध्ये खालचा ओठ किंचित आत गेलाय, डाव्या डोळ्याखालची सुरकुती ताणली गेलीय, नजर जमिनीवर. दहावीत पुन्हा दगड. म्हणजे जे काही होतं ते डोळ्याची पापणी लवावी तेवढाच वेळ होतं.

घरी येऊन मी नववी फ्रेम निवडली आणि कापली. दलाल गेला, दस्ती गेली, बैल गेला. उरला नुसता चेहरा, काळ्या-पांढऱ्यात. एका स्पर्धेत तो निवडला गेला. बघणारे म्हणायचे, डोळ्यांत सगळा मराठवाडा दिसतो. मला तेव्हा फार भरून आलं होतं, हे खरं सांगते.

नंतर कधीतरी हार्ड डिस्क आवरताना मूळ फ्रेम समोर आली. नवव्या फ्रेममध्ये दस्तीची घडी बदललीय. आतला हात वळलाय. म्हणजे आकडा सांगितला गेला होता, नेमका त्याच क्षणी. तो ओठ आत गेला तो आकडा कळून. कमी वाटला म्हणून? की हवा तेवढाच मिळाला आणि आनंद लपवायचा होता? की आता बैल जाणार, म्हणून? चेहरा यातलं काहीच सांगत नाही. पावसाबद्दल तर अजिबात नाही. 'दुष्काळ' हा शब्द माझा होता, आणि एकदा तो खाली लिहिल्यावर प्रत्येकाला तोच दिसला.

डार्विननं हे फार आधी ओळखलं होतं. भावमुद्रांवरचं त्याचं पुस्तक १८७२ चं. द्युशेन या फ्रेंच डॉक्टरनं विजेच्या झटक्यानं चेहऱ्याचे स्नायू आकसवून फोटो काढले होते. डार्विननं त्यांतले काही वीसहून जास्त लोकांना काहीही न सांगता दाखवले. काही फोटोंवर जवळपास सगळ्यांचं एकमत झालं, काहींवर प्रत्येकाचं वेगळंच. आणि तो प्रामाणिकपणे लिहितो की स्वतः त्यानं ते पहिल्यांदा मजकुरासकट पाहिले तेव्हा त्याला जवळजवळ सगळेच अगदी खरे वाटले होते. मजकूर नसता, तर काही ठिकाणी तोही इतरांसारखाच गोंधळला असता.

आपल्या भागातल्या म्हाताऱ्या चेहऱ्याला हा मजकूर आधीच चिकटवलेला असतो. सुरकुती दिसली की दुष्काळ, फेटा दिसला की कर्ज. ती संकटं खरी आहेत, मी ती घरात पाहिली आहेत. पण त्या माणसाला कसलेला सौदेबाज असण्याचा, एका क्षणापुरता ओठ आवळण्याचा हक्क आहे, आणि तो मी कात्रीनं कापून टाकला होता. हल्ली मी चेहऱ्याच्या आधी हात बघते. हात आणि नजर कुठं आहे ते. ओळख नसलेल्या माणसाच्या फोटोत निदान ही दोन ठिकाणं फ्रेमबाहेर जाऊ देत नाही.

पुढच्या यात्रेत त्या फोटोची प्रिंट घेऊन गेले. बाजारातल्या माणसांनी मामांचं गाव सांगितलं, कंधार तालुक्यातलं. अंगणात बसले होते. प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली, उलटी करून मागचा कोरा कागदही बघितला.

"ह्याच्यात बैल कुठाय, माय?"

मी मोबाइलवर अख्खी फ्रेम काढून दिली. मामांनी स्वतःच्या चेहऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फोटोच्या कडेला एक शिंग आणि तांबड्या खांद्याचा तुकडा आला होता, तिथं बोट ठेवलं आणि आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "अगं ये बाहेर, हे बघ, आपला हाय."

मामी येईपर्यंत बोट काही तिथून हललं नाही.