मुंबई–दिल्ली हवाई अंतर: तिसऱ्या रविवारची नोंद

मागच्या नोंदीत १,१३१ किलोमीटर असं छाती ठोकून लिहिलं होतं. ते खोडा.

विमानतळांचे अक्षांश-रेखांश वहीत अंश आणि कलांत उतरवले होते. मुंबई १९°०५′ उत्तर, ७२°५२′ पूर्व. दिल्ली २८°३४′ उत्तर, ७७°०६′ पूर्व. एक्सेलमध्ये भरताना मी बिनधास्त १९.०५, ७२.५२, २८.३४, ७७.०६ असं ठोकलं. एका अंशात साठ कला, म्हणजे ३४ कला हे ०.५६७ अंश होतात, ०.३४ नव्हे. उत्तर दोन हजार आलं असतं तर त्याच रात्री शंका आली असती. पण ते इतकं शहाण्यासारखं आलं की मी सुखाने झोपलो. चूक सापडली ती वीस विमानतळांची यादी भरून झाल्यावर. चाळीस आकडे, आणि एकाचाही दशांश ५९ च्या वर नाही!

दुरुस्तीनंतर हॅवरसाइनने (पृथ्वी पूर्ण गोल धरून दोन ठिकाणांतलं अंतर काढायचं सूत्र), त्रिज्या ६,३७१ किमी धरून, १,१३९ आलं. पण पृथ्वी काही चेंडूसारखी गोल नाही. विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८, ध्रुवाकडची ६,३५७. म्हणून ध्रुवांकडे चपटी पृथ्वी धरणारी व्हिन्सेंटीची १९७५ ची पद्धत लावली: १,१३५. हा मार्ग बराचसा दक्षिणोत्तर आहे आणि आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश गोलावरच्यापेक्षा जरा आखूड भरतो, त्यामुळे घट. आता गंमत बघा, माझी घोडचूक आणि हॅवरसाइन, दोघंही १,१३५ पासून चार-चार किलोमीटरवर. एक खाली, एक वर.

(विमान प्रत्यक्षात याहून जास्त उडतं. धावपट्टीची दिशा, ठरलेले बिंदू, वाट पाहत मारलेल्या घिरट्या. तो हिशेब वेगळा. रेल्वेने साधारण १,३८५ किमी.)

दुपारी बारा इंची पृथ्वीगोल काढला. आधी लोकर घेतली, ती ताणली जाते. मग शिवणाचा दोरा. भाची न्यू जर्सीत असते, म्हणून मुंबई–न्यूयॉर्क. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. गोलावर दोरा ताणला की तो सरकत सरकत उत्तरेला चढतो: तुर्कमेनिस्तान, हेलसिंकीजवळून, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक. दोरा भरला ३०.३ सेंटीमीटर. या गोलावर १ सेंमी म्हणजे ४१८ किमी, म्हणजे १२,६६५. सूत्राने १२,५३२. शिवणाच्या दोऱ्याला एवढं माफ. पट्टीच्या रेघेने गेलं तर १४,२०० भरतात. भाचीला फोटो पाठवला तर म्हणाली, "मामा, तरीच विमानातल्या पडद्यावर बर्फ दिसत होता."

त्याच दोऱ्याने मुंबई–दिल्लीही मोजायला गेलो. पावणेतीन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही, आणि एक मिलिमीटर चुकला की ४२ किलोमीटर गेले. सीएसएमटी ते ठाणे ३४ आहे.